किलब्रॅनोकच्या पाइपफौजेची दंतमोहीम

बाळराजे हो, दप्तरे खाली ठेवावी, डोळे मिटावे आणि ऐसी कल्पना करावी की, आपण बगलेत एक मेंढी धरली आहे, ती तोंडाने फुगवावयाची आहे, कोपराने दाबावयाची आहे, तिजमधून गोड सूर काढावयाचा आहे, आणि हे सारे करीत समोरच्या वाऱ्यात शिस्तीने पावले टाकावयाची आहेत. नुसत्या कल्पनेनेच दमलात? तर मग ज्या नऊ वर्षांच्या पोरीने हे खरोखर केले, तिची हकीकत सावध होऊन ऐकावी. यात पदरचे मीठ घातलेले नाही, असल्यास चिमूटभर.

स्कॉटलंडच्या मुलखात डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात किलब्रॅनोक नामे कसबा. माणसे सातशे, मेंढरे बेसुमार. येथील पाइप बँड, म्हणजे बगलेत हवेची पिशवी धरून वाजवावयाच्या बॅगपाइपांचा ताफा, ही कसब्याची अब्रू. दर जुलैत गावच्या वार्षिक खेळांच्या दिवशी चर्चपासून मैदानापावेतो गावचे निशाण बँडने वाजतगाजत न्यावे, ऐसा शंभर वर्षांचा शिरस्ता. आणि शिरस्त्यातच कलम की, मैदानाच्या फाटकाशी मोजणी व्हावी, वाजते पाइप सहापेक्षा कमी भरले तर निशाणाचा मान खाडीपलीकडील ड्रमलॉखकरांकडे जावा, आणि गेला तो कायमचा जावा.

पुढे काळ फिरला. कोणी वाजवणारा ग्लासगोस गेला, कोणी समुद्रातील तेलविहिरीवर गेला, कोणी लग्न करून गप्प बसला, आणि फौजेत पाइपवाले दोनच उरले: अखंडितश्वासलक्ष्मी-अलंकृत पाइप मेजर हेक्टर मॅकफेल, उमर अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांचे चुलतबंधू लाकलन, जे कानांनी अधू असल्याने बँडमध्ये सुखी होते. तोफखाना, म्हणजे मोठा ढोल, युनाबाई गिलिस यांजकडे. हे वर्तमान ड्रमलॉखचे मेजर फर्गस डॅलस यांस कळताच त्यांनी खलिता धाडिला की, पुढल्या खेपेचे निशाण आम्ही नेऊ, आपण खुर्च्या मांडाव्या. तो वाचून हेक्टर मेजरांनी हातातला केक अर्धा टाकिला. असा कोप कसब्याने पूर्वी पाहिला नव्हता.

मग मेजरांनी मसलत करून शाळेतील अकरा पोरे जमविली, आणि दंडाएवढी लांब फुंकनळी दातांत पक्की धरता यावी म्हणून पहिला हुकूम सोडिला, "दात दाखवा!" आणि घोड्यांच्या बाजारात पाहावे तसे एकेक तोंड पाहिले.

इश्बेल रँकिन नामे पोरीने विचारले, "मास्तर, तुमचे?"

"माझे कधी हलत नाहीत."

"हो, आजी म्हणते, ते ग्लासात झोपतात."

"तोंड मिट," मेजर म्हणाले, आणि तिलाच पहिल्या रांगेत घेतले.

त्यानंतर आठ महिने पोरांस पिशवी दिली नाही, चँटर नामक शिकाऊ नळीच दिली, आणि त्या नळ्यांच्या आवाजाने कुत्री गाव सोडून किनाऱ्यावर राहू लागली. मेजर मात्र एकच बोट शंभर वेळा जाग्यावर ठेवीत, आणि चुकले तर म्हणत, "छान चुकलीस, आता हळू चूक." सात पोरे गळाली. चार टिकली, त्यांस पिशव्या मिळाल्या, आणि चार नि दोन मिळून सहा जाहले. सातवा कोणी नाही.

ऐशा समयी, खेळांस दहा दिवस उरले असता, इश्बेलचा पुढला दात हलू लागला.

कसबा हादरला. दात पडला तर फटीतून वारा जाईल, पिशवी बसेल, सूर मरेल, सहाचे पाच होतील. तेव्हा गावजाहीर हुकूम निघाला की, इश्बेलसमोर सफरचंद आणू नये, टॉफी दाखवू नये, तिला हसवू नये. तिजला तिन्ही त्रिकाळ ओटची पेज. रोज सकाळी मेजर दारी हजर.

"दात दाखव! हलतो?"

"आहे तिथेच हलतो, मास्तर."

खेळांचा दिवस उगवला. इश्बेल सकाळपासून अवाक्षर बोलेना. मेजरांनी "दात दाखव," म्हणावे तो तिने फुंकनळी तोंडात घेतलेली, नुसती मान हलविली. मग निशाण उठले, ढोल गर्जला, सहा पाइप एकदम बोलिले, आणि रस्त्याच्या कडेस बायाबापड्यांचे डोळे भरून आले. फर्गस डॅलस बोटांवर पाइप मोजीत शेजारून चालले होते.

पुलाशी चढ लागला. तेथे हेक्टर मेजरांनी जो निकराचा श्वास फुंकला, तो त्यांची वरची कवळी तोंडातून सुटून, कठड्यावरून उडून, ओढ्याकाठच्या गवतात पडली. ओठ आत गेले, नळी निसटली, पाइप रडून निजला.

"पाच!" फर्गस ओरडले.

"फाटकाशी मोजायचं, फर्गस! तोवर गप्प बस!" युनाबाई ढोल न थांबविता गरजल्या. फाटक शंभर पावलांवर.

मेजरांचे पाय चालत होते, पण चेहरा उतरला होता. तेव्हा शेजारच्या इश्बेलने पिशवी दाबून सूर चालू ठेवीतच मान वळविली, एक ओठ उचलिला, तो पुढे दात नाही, भगदाड! आदल्या दुपारीच तो पेजेत पडला होता, आणि तिने कोणास न सांगता, कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून, चुकत चुकत, हळू चुकत, नवी युक्ती बसविली होती. ती तिने आता मास्तरांस दाखविली: नळी तोंडाच्या कोपऱ्यात सारावी, ओठ आवळावे, गाल आत दाबावा. मेजरांनी पाहिले. नळी कोपऱ्यात सारली. फुस्स जाहले. इश्बेलने मान हलविली, पुन्हा दाखविले. मेजरांनी पुन्हा केले, आणि फाटक दहा पावलांवर असता त्यांचा पाइप जागा जाहला.

फर्गस डॅलस यांनी दोनदा मोजिले. दोन्ही वेळा सहा भरले. मग त्यांनी टोपी काढिली.

येणेप्रमाणे किलब्रॅनोकचे निशाण किलब्रॅनोककरांनीच मैदानी रोविले, फत्ते जाहली, खुर्च्या ड्रमलॉखकरांनी मांडिल्या, हे दप्तरी रुजू केले आहे.

आणि इश्बेल? ती पाइप ठेवून ओढ्यात उतरली, एका मेंढीच्या तोंडून कवळी सोडविली, वाहत्या पाण्यात धुतली, किल्टच्या घोळाला पुसली, आणि साऱ्या गावादेखत मेजरांसमोर ताठ उभी राहून फर्मावती जाहली, "मास्तर, दात दाखवा!"