सापसुरळीचे वकील

सापसुरळीला विषारी म्हणणाऱ्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय वानखडे वकील त्याला फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत.

जठारपेठेत आमची घरं शेजारी शेजारी. एके दिवशी वकिलांनी ट्रॅक्टरभर दगड आणून कुंपणापाशी रचले आणि त्या ढिगात सापसुरळ्या नांदू लागल्या. चकचकीत तपकिरी अंग, कडेनं काळा पट्टा, आखूड पाय. दिसली की माझी बायको किंचाळते आणि वकील हजर.

"काहून ओरडल्या वहिनी? चावली?"

"नाही हो, पण विषारी असते ना!"

"पुरावा आहे काय? कोणाले चावली? कोण मेलं? ते बिचारी झुरळं खाते, नाकतोडे खाते. तुमच्या घरचं कोणी खाल्लं काय?"

बायको घरात पळते, वकील खूश. कोर्टात म्हणे ते इतकं जोरात बोलत नाहीत.

एकदा आमच्या मांजरीनं एकीवर झडप घातली. सापसुरळी शेपूट टाकून पसार झाली. वकील ती वळवळती शेपूट कागदावर घेऊन आमच्या दारात! "आरोपी घरात आहे काय?" आरोपी सोफ्याखाली झोपली होती. मी तिच्या वतीनं माफी मागितली, तेव्हा कुठे ते कोर्टात गेले.

पुढे आम्ही कुंपणाच्या जागी भिंत घालायला काढली. गवंडी म्हणाला, ढीग हलवा. मी मजूर बोलावले, तर वकील काळ्या कोटासकट दगडांवर बसलेले! माझं डोकं फिरलं.

"वकीलसाहेब, खदानीवर असे पाहिजे तेवढे दगड भेटतात!"

या वेळी त्यांनी पुरावा मागितला नाही.

"हे आमच्या वावराच्या धुऱ्याचे, बांधाचे आहेत," ते खाली बघत म्हणाले. "बापानं एकेक वेचून रचले होते. कापूस परवडेना, पोरगा पुण्याचा परत येईना. इकलं वावर. घेणाऱ्याले प्लॉट पाडायचे होते, त्यानं धुरा मोडाले घेतला. दगड उचलले तं खालून हे सापसुरळी निघाली. मले दुसरं कायीच वाचवता नाई आलं."

मला फार वाईट वाटलं. मजुरांना चहा पाजून परत पाठवलं. आमची भिंत आता तिथे चांगली हातभर आत वळते. येणारे-जाणारे गवंड्याला नावं ठेवतात.

परवा सकाळी कोवळ्या उन्हात बायको जीव मुठीत धरून वकिलांना चहा द्यायला गेली. ते दगडांवर जरा सरकले, रुमालानं जागा झटकली.

"बसा वहिनी. आमच्या वावरात पाहुण्याले उभं नाई ठेवत."