गमीची परतफेड

"ह्यात साखर नाही?" तेत्सुओने पेल्यात डोकावून विचारलं.

"कणभरसुद्धा नाही."

"आणि ही गमी आहे."

"होणार होती," हिसाए म्हणाली. "आता प्या."

तेत्सुओने ती प्यायली. चघळायची गोळी पेल्यातून प्यावी लागणं त्याला नवीन होतं, पण बायको समोर उभी असताना अशा गोष्टींची चर्चा करू नये, एवढं शहाणपण तीस-पस्तीस वर्षांच्या संसाराने त्याला दिलं होतं. ताजा अननस घातला की जिलेटिन घट्ट होत नाही, असं पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. हिसाए पाकिटाची पुढची बाजू वाचणारी बाई होती.

तेत्सुओ मोरिवाकी नागासाकीत बस चालवायचा. सिगरेट सोडल्यापासून त्याने द्राक्षाच्या गमीचा आधार घेतला होता. आधी शेवटच्या थांब्यावर एक गोळी, मग प्रत्येक सिग्नलला एक, असं करत करत दिवसाला अख्खं पाकीट संपायला लागलं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी साखरेचा आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. "ऑगस्टमधल्या बॉनच्या सुट्टीआधी परत रक्त तपासू," ते म्हणाले. "तोवर आकडा उतरला नाही, तर तुम्हाला गाडीवर ठेवता येणार नाही. डेपोत हरवलेल्या वस्तूंची खिडकी आहे, तिथे बसा."

ती खिडकी तेत्सुओने पाहिली होती. तिथे छत्र्या होत्या आणि एक पंखा होता. त्याच्या बसच्या वाटेवर बोगदा संपला की एक वळण लागायचं आणि खाली एकदम अख्खं बंदर दिसायचं. त्या वळणावर तो उगाचच जरा हळू जायचा. मोबाइलमध्ये मान घातलेली माणसंही तिथे मान वर करायची, आणि आरशात ते बघताना त्याला फार बरं वाटायचं. छत्र्या सांभाळत निवृत्त व्हायच्या कल्पनेने त्याचं जेवण कमी झालं. गमी मात्र कमी होईना. म्हणून हिसाएने ती घरीच करायची ठरवली होती.

दुसऱ्या खेपेला तिने अननसाच्या जागी लिंबू घेतलं आणि जिलेटिन दुप्पट घातलं. एक गोळी हातातून निसटली, जमिनीवर आपटली आणि उडी मारून फ्रीजखाली गेली. तेत्सुओने दुसरी तोंडात टाकली आणि चघळत राहिला.

"कशी झालीय?"

"उद्या डेपोत दाखवतो," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या चाकाला चालेल."

तिसऱ्या खेपेला मात्र जमली. आंबट, मऊ, दाताला हलकेच दाद देणारी. तेत्सुओने मान डोलावली, आणि नवऱ्याने मान डोलावली या आनंदात हिसाएने दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. घरातले बर्फाचे सगळे ट्रे भरले, तेव्हा कुठे ती थांबली.

आता साखर गोड लागते तशी पदार्थ टिकवतेही. ती काढून टाकली, की गमी दुधासारखी नासते. बाहेर जूनचा पाऊस, भिंतींना ओल, आणि घरात पातेलंभर गमी. टाकून देणं हिसाएच्या रक्तात नव्हतं. तिने एक डबा भरला आणि शेजारच्या कुराहाशीबाईंच्या दाराची बेल वाजवली.

"अगदीच क्षुल्लक आहे हो," ती वाकून म्हणाली. "घरी केलंय. बिनसाखरेचं."

"अय्या, कशाला त्रास घेतलात, मोरिवाकीसान," कुराहाशीबाई तिच्यापेक्षा खाली वाकून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा परत आला. रिकामा डबा कोण परत करतं? सोबत कास्तेला केकची लांबलचक पेटी होती. तेत्सुओ नुकताच कामावरून आला होता. पेटीकडे त्याने जसं पाहिलं, तसं त्याने हिसाएकडे लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अहो, हात मागे," हिसाए म्हणाली. "हे आज ह्या घरात राहणार नाही. वरच्या देवळात गुरुजींना देऊन या."

"आत्ता? एवढ्या पायऱ्या चढून?"

"मग काय बस नेणार आहात?"

त्यांच्या उतारावर घरापर्यंत गाडी येतच नव्हती. पायऱ्या, मग पुन्हा पायऱ्या, आणि त्यांच्या वर देऊळ. हिसाएने पेटी चौकोनी कापडात बांधली आणि वर अशी गाठ मारली, जी तिला सासूने शिकवली होती आणि तेत्सुओला कधीच जमली नव्हती. "वाटेत सोडलीत तर परत बांधता येणार नाही," ती म्हणाली. तेत्सुओ निघाला. वाटेत त्याने दोनदा गाठीला हात लावून पाहिला, पण सासूची गाठ ती सासूची गाठ.

गुरुजींना फार आनंद झाला. त्यांनी त्याला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. देवापुढचा नैवेद्य म्हणून मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचा, पुडा दिला.

"आता हा कुठे?" दारात धापा टाकत तेत्सुओने विचारलं.

"खाली न्हाव्याकडे. तसेच जा, बूट काढू नका."

इकडे कास्तेला मिळाला म्हणजे कुराहाशीबाईंना काहीतरी द्यायलाच हवं होतं. हिसाएने पुन्हा गमी दिली. कुराहाशीबाईंनी पुन्हा परतफेड केली, या वेळी मोठी पेटी. न्हाव्याने तांदळाच्या गोड वड्या दिल्या. त्या तेत्सुओच्या बहिणीकडे गेल्या, म्हणजे आधी उतार आणि मग समोरचा चढ. बहिणीने लाल चवळीच्या गोड पुरणाचे गोळे दिले. जुलैत पाऊस संपला, तिथल्या रीतीने मग उन्हाळा तापला, आणि तेत्सुओ रोज संध्याकाळी कापडात बांधलेली मिठाई घेऊन पायऱ्या चढत-उतरत राहिला.

"अगं, मिळालेल्याच्या निम्म्याचंच परत करायचं असतं ना?" एकदा तो घाम पुसत म्हणाला. "मग हे निम्म्याने कमी होत जायला हवं. चार फेऱ्यांत संपायला हवं होतं."

"विकतच्या वस्तूचं निम्मं काढता येतं. हाताने केलेल्याचं निम्मं किती, ते त्यांना कसं कळणार? उगाच कमी पडायला नको म्हणून त्या बिचाऱ्या जास्तच देतात."

"मग तू गमी देणं थांबव."

"आणि केक घेऊन गप्प बसू? उद्या तोंड कसं दाखवू?"

तपासणीच्या आदल्या दिवशी बेल वाजली. दारात कुराहाशीबाई होत्या. हातात हिसाएचा डबा होता आणि चेहरा मयताला आल्यासारखा होता.

"मोरिवाकीसान, रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुमची गमी सुंदर आहे. पण आमच्याकडे कोणी खात नाही हो. ह्यांच्या कवळीला चिकटते. फ्रीजर भरलाय, मासे ठेवायला जागा नाही. रोज दुपारपासून माझ्या डोक्यात एकच, आज मोरिवाकीसानना काय द्यायचं."

हिसाएला हसू आवरेना. "तुमचा एक तुकडा केक आमच्या पोटात गेला नाही," ती म्हणाली. "ह्यांना साखर आहे. सगळा देवळात जातो."

"देवळात?" कुराहाशीबाईंचे डोळे मोठे झाले. "तरीच गुरुजी परवा आमच्याकडे कास्तेला घेऊन आले."

दोघी दारातच बसल्या आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. मग एकमेकींना वाकून त्यांनी ठरवलं, की आता बस. आजपासून कोणी कोणाला काही द्यायचं नाही. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तेत्सुओ घरी येऊन पाय पसरून बसला.

दुसऱ्या दिवशी तो तपासणीला गेला, तेव्हा हिसाएही सोबत गेली. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"उतरलाय," डॉक्टर म्हणाले. "चांगला उतरलाय. मोरिवाकीसान, काय केलंत?"

"मी बिनसाखरेची गमी करते," हिसाए घाईने म्हणाली.

"तिचा फायदा झालाच असेल. पण नुसत्या गमीने एवढा उतरत नाही." त्यांनी तेत्सुओला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. "कसला व्यायाम करता?"

"व्यायाम कसला, डॉक्टर," तेत्सुओ म्हणाला. "लोकांच्या वस्तू परत करतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. "जे काय करता ते चालू ठेवा. गाडी तुमच्याकडेच राहील. पण तीन महिन्यांनी परत बघणार, तेव्हा सोडून देऊ नका."

परतताना तेत्सुओ अख्ख्या वाटेने शीळ घालत होता. हिसाए मात्र चढताना पायऱ्या मोजत होती. घरी येताच तिने पर्स ठेवली, जिलेटिन भिजत घातलं आणि पातेलं चढवलं. संध्याकाळी डबा घेऊन ती शेजारच्या दारात उभी राहिली.

कुराहाशीबाईंनी दार उघडलं, डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. पण दोन्ही हात सवयीने पुढे आले.

"कुराहाशीसान, काल ठरवलं ते मला मोडायचंय," हिसाए म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, कारण पुढचं वाक्य तिच्या आईने, आजीने, उतारावरच्या कुठल्याच बाईने आजवर उच्चारलं नव्हतं. "ह्याच्या बदल्यात तुम्ही आम्हाला काहीतरी द्याच. ह्यांची बस टिकवायचीय. आणि... जमलं तर जरा जड द्या."

कुराहाशीबाईंनी डबा छातीशी धरला. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच चमक आली.

"गावाहून भावाने तांदळाचं पोतं पाठवलंय," त्या म्हणाल्या. "तीस किलोचं. चालेल?"

"चालेल," हिसाए खोल वाकून म्हणाली आणि घराकडे वळून हाक मारली, "अहो, बूट काढू नका."