सामाईक डिस्क आणि सासऱ्यांचं आत्मचरित्र

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय, त्याने आमचा कॉम्प्युटर पाहिला नव्हता! मी त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवल्या. जुनी सासऱ्यांसाठी, नवी माझ्यासाठी. सुरू करताना ज्याला जी हवी ती त्याने निवडायची. डिस्कचा एक भाग मात्र दोन्हींत सामाईक, म्हणजे फायली कुठूनही उघडता येतील. यात धोका काही नाही ना, असं सासऱ्यांनी विचारलं. मी नुसता हसलो.

सासरे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांचं आत्मचरित्र त्या सामाईक भागात होतं. वर्षभर एका बोटाने टाइप केलेलं, एकेका प्रकरणाची एकेक फाइल. सोमवारी ते छापखान्यात जायचं होतं. त्यांची खोड एकच. आपली सिस्टिम पूर्ण बंद करायचे नाहीत, झोपवून ठेवायचे. बंब कायम तयारीत असावा, हे त्यांचं तत्त्व.

रविवारी ते फिरायला गेले आणि मी माझ्या सिस्टिममधून सहज पुस्तक चाळायला घेतलं. 'घरातले धोके' या प्रकरणाचं पहिलंच वाक्य होतं, 'आग लागायला शॉर्टसर्किटच लागतं असं नाही, जावईही पुरतो.' पुढची चार पानंही माझ्यावरच! मला फार लागलं. फाइल पुसायला गेलो तर पडद्यावर सूचना: दुसरी सिस्टिम अजून झोपलेली आहे, इथे काही बदलू नका. म्हटलं, झोपू दे की, तेवढ्यात आपलं काम उरकेल. सूचना धुडकावून फाइल उडवली. हात लागलाच आहे तर उरलेली प्रकरणंही नव्या फोल्डरमध्ये छान लावून ठेवली.

झोपलेल्या सिस्टिमचं थोरल्या जावेसारखं असतं. कुठला डबा कुठे आहे ते मनात धरून झोपायचं आणि उठल्यावर न बघता हात घालायचा. मधल्या वेळात धाकटीने मांडणी हलवली की चहात मीठ! संध्याकाळी सासऱ्यांनी त्यांची सिस्टिम उठवली, दोन वाक्यं लिहून सेव्ह केली, तिने ती जुन्या मांडणीच्या आठवणीवरच ठेवली आणि डिस्कचा पार विचका झाला. प्रकरणं उघडेनात. जी उघडली त्यात नुसते चौकोन.

सासरे चष्मा काढून बसून राहिले.

डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावलो. सासरेही आले. त्याने बरीच खटपट केली आणि मान हलवली.

"सगळं एकमेकांवर लिहिलं गेलंय. एकच फाइल धड निघाली, 'घरातले धोके'. गंमत म्हणजे ही कुणीतरी मुद्दाम पुसली होती, मांडणीतून बाहेर पडली म्हणून तर या गोंधळातून वाचली."

सासऱ्यांनी सावकाश चष्मा चढवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "म्हणजे मी लिहिलं ते खरंच होतं."

छापखान्याकडून मुदत वाढवून घेतलीय. आता रोज संध्याकाळी सासरे आठवून आठवून सांगतात आणि मी टाइप करतो. बाबांना इतकं रंगून बोलताना कधी पाहिलं नव्हतं, असं बायको म्हणते. 'घरातले धोके' तेवढं नव्याने लिहायची गरज नव्हती, पण त्यात रोज भर पडते. तीही मीच टाइप करतो.