अटी मान्य नसलेले तात्या

कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घालायला गेलं की आधी पडद्यावर लांबलचक इंग्रजी मजकूर येतो आणि त्याच्याखाली 'मला हे मान्य आहे' अशा अर्थाचं एक बटण असतं. हा मजकूर जगात कुणी वाचत नाही. ज्या वकिलानं तो लिहिला त्यानं तरी पुन्हा वाचला असेल की नाही, याची मला शंका आहे. पण आमच्या भानुदासतात्यांनी तो वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत, मांडीवर डिक्शनरी घेऊन, सलग नऊ दिवस. आणि नवव्या दिवशी बटणाकडे बोट करून मला म्हणाले, "मास्तर, मला मान्य न्हाय."

तेव्हा मी बारामतीत भिगवण रस्त्याला, एका खताच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. चालवत होतो म्हणजे वीज असेल तेव्हा. सहा मशिनं, त्यातली चार चालू, आणि मास्तर अर्धा. मी स्वतः पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्यातला एक महिना काविळीत गेला होता. त्यामुळे विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला की मी 'ते आपण पुढच्या आठवड्यात घेणार आहोत' म्हणायचो. क्लास बंद पडेपर्यंत तो आठवडा उगवला नाही.

तात्या काटेवाडीहून सायकलवर यायचे. वय साठीच्या पुढं, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. कोण कधी आला, कोण कधी गेला, कुणाची रजा मंजूर, कुणाची बिनपगारी, सगळं त्यांच्या मस्टरवर. रिटायर झाल्यावर माणूस देवळात जातो. हे माझ्या माडीवर आले.

"मान्य न्हाय म्हणजे?" मी विचारलं.

"आवो, कलम बघा की. माल बिघडला तर कंपनी जबाबदार न्हाय. तुमचं नुकसान झालं तरी न्हाय. आन इकत घेतला तरी माल तुमचा न्हाय, नुसता वापरायला दिलाय. आमच्यात म्हैस इकणारा बी चारी सडांची हमी देतो, मास्तर!"

"पण तात्या, सगळेच दाबतात ते बटण."

"वाचल्याबिगर?"

"वाचल्याबिगर."

तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी नकळत उजव्या हाताचा अंगठा मुठीत लपवला.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मी गुपचूप बटण दाबून टाकलं. आल्या आल्या त्यांनी चौकशी लावली. कुणी दाबलं, किती वाजता, समोर कोण हजर होतं. शेवटी म्हणाले, "खुलासा लेखी द्या." आणि मी, क्लासचा मालक, माझ्याच विद्यार्थ्याला वहीचा कागद फाडून लिहून दिलं, 'चुकून हात लागला, पुन्हा असे होणार नाही.' त्यांनी त्यावर लाल पेननं 'समज दिली' असा शेरा मारला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

खरा घाम मला पुढं फुटला. त्याच मजकुरात एक प्रत एकाच मशिनवर वापरावी असं कलम होतं. तात्यांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा वर केला आणि माझ्या सहाही मशिनांवरून सावकाश नजर फिरवली.

"मास्तर, हितं हजेरी एकाचीच दिसती. बाकीची पाच बदली कामगार हायती जणू?"

मी खालून चहा मागवला. त्यानंतर तात्यांना कसलंही बटण दाबण्याचा आग्रह मी केला नाही.

मोठ्या कंपन्यांवर तात्यांचा दात होता. कुठल्याही कंपनीचं नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तितं भोंगा कवा व्हतो?" मी सांगायचो की कॉम्प्युटर कंपनीत भोंगा नसतो, माणसं हवं तेव्हा येतात आणि काम संपलं की जातात.

"आन काम कवा संपतं?"

"संपत नाही बहुतेक."

"मग ती जात्यात कवा?"

मी म्हणायचो, ते आपण पुढच्या आठवड्यात घेणार आहोत.

"माझा बाप मेंढरं राखायचा," ते एकदा म्हणाले. "म्हणायचा, कळप हाकायच्या आधी बसवायचा कुठं ते ठरवावं. ह्या कंपन्या नुसत्या हाकत्यात. बापानं मेंढरं मोजली, मी माणसं मोजली. पोरगं काय मोजतंय ते काय मला उमगंना, म्हणून तर हितं आलो."

पोरगं म्हणजे सुनील. बेंगलोरला एका मोठ्या कंपनीत होता. तात्यांच्या पत्नी वारल्यानंतर सहा महिन्यांनी नोकरीवर गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. त्या काळात एकदाही घरी आला नव्हता. दर महिन्याला एसटीडीवरून पाच मिनिटं बोलायचा. कंपनी रजा देत नाही, म्हणायचा.

त्या वर्षी तर कारणही मोठं होतं. दोन हजार साल येणार आणि जगातली सगळी मशिनं बंद पडणार, अशी तेव्हा हवा होती. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे मशिनला दोन हजार आणि एकोणीसशे यातला फरक कळणार नाही. सुनील ते दुरुस्त करायच्या कामावर होता. मी हे तात्यांना समजावलं, तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोन आकडे वाचवलं?"

"जागा कमी लागावी म्हणून."

"मी तीस वर्सं मस्टरवर चार आकडी साल लिवलं. शाई कमी पडली न्हाय." मग आवाज चढला. "आन आता ती चूक दुरुस्त कराया गिऱ्हाइकाकडनंच पैसं घेत्यात? म्हंजे रस्त्यात खड्डा बी आपूनच पाडायचा आन त्यात पडू नगा म्हणून कंदील बी आपूनच इकायचा! आन त्यो कंदील धरून उभं कोन? माझं पोरगं!"

यावर पुढचा आठवडा नव्हता.

एकदा पावसात सापडलो म्हणून मी त्यांच्या घरी थांबलो. रानाच्या कडेला दोन खोल्यांचं नवं स्लॅबचं घर, रंग दिलेला, दाराला कुलूप. तात्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते, जिथं बांधकामाचं सिमेंट ठेवलं होतं. वास्तुशांत झाल्याशिवाय आत राहायचं नाही आणि सुनील आल्याशिवाय वास्तुशांत करायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं. मुहूर्त तीनदा काढून तीनदा मोडला होता. कुलूप उघडून त्यांनी मला एक खोली दाखवली. खिडकीशी नवं टेबल, आणि टेबलाजवळच्या भिंतीत विजेची तीन बटणं.

"कॉम्प्युटर हितं ठेवंल," ते म्हणाले. "उजेड डावीकडनं पायजे, न्हाय का?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी हो म्हणालो.

दिवाळीचा मुहूर्त चौथा. तो मोडायचा नाही म्हणून तात्यांनी कंपनीलाच पत्र लिहायचं ठरवलं. ते मराठीत सांगणार आणि मी इंग्रजीत करणार. तात्या येरझाऱ्या घालत सांगू लागले, "लिवा. तुमच्या बड्या सायबाला आईबाप हायती का न्हाय? तीन वर्सं पोराला कोंडून ठिवायला त्यो काय तुरुंगात हाय? दिवाळीला पाच दिस सोडा, न्हायतर कोणत्या कलमानं सोडत न्हाय ते लेखी कळवा." आता, मला आयुष्यात इंग्रजीतलं एकच पत्र येत होतं. दहावीला पाठ केलेला, ताप आल्यामुळे दोन दिवसांच्या रजेचा अर्ज. त्यामुळे सुरुवातीला 'आदरणीय महोदय' आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक' आलं, मधला ताप मी कसाबसा काढला. कंपनीला जाब विचारणारं ते पत्र अशा थाटात गेलं की जणू तात्याच आजारी होते. उत्तरासाठी पत्ता माझ्या क्लासचा दिला.

दसऱ्याच्या आधी उत्तर आलं. इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं. तात्या समोर बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "वाचा."

मी आधी मनात वाचलं. कुणा बाईंची सही होती आणि पत्र फार सभ्य होतं. आपला मुलगा अतिशय गुणी आहे. त्याच्या खात्यावर पंचावन्न दिवसांची रजा शिल्लक आहे. दिवाळीसाठी त्यानं अर्ज केलेला नाही. घरी जाऊन या, असं आम्हीच त्याला दोनदा सुचवलं आहे. आपली तब्येत लवकर बरी होवो.

"काय म्हणतीया कंपनी?"

"कंपनी म्हणते…" मी कागदात बघत राहिलो. "म्हणते, दोन हजार सालाचं काम आहे. कुणालाच रजा नाही. क्षमस्व."

"लई वंगाळ कंपनी," तात्या म्हणाले. "बघू."

कागद द्यायला मला भीती नव्हती, त्यांची डिक्शनरी घरी होती. त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथून ते हललंच नाही. खाली दुकानात पोती उतरवत होते, त्यांचे आवाज येत राहिले.

"लीव्ह बॅलन्स," तात्या हळूच म्हणाले. "तीस वर्सं ह्येच दोन शबुद लिवलं, मास्तर. ह्याला डिक्शनरी लागत न्हाय."

"तात्या, मी…"

"ऱ्हाऊ द्या. चांगलं वाचलंत." त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो. "ठावं हुतं मला. इतक्या सालात कोनालाच रजा न्हाय, असा कारखाना नसतो. पर कंपनीला शिव्या घालता येत्यात. ती काय कुनाचं लेकरू न्हाय."

आम्ही खाली उतरलो. चहाच्या गाड्यावरच्या बबनरावांना पत्राची सगळी हकिकत माहीत होती. अख्ख्या भिगवण रस्त्याला होती. त्यांनी दोन ग्लास पुढं सरकवले.

"काय तात्या, आलं का उत्तर? आचाऱ्याला सांगू का वास्तुशांतीचं?"

"कशाची वास्तुशांत!" तात्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडं गेला. "सोडत न्हाईत पोराला! पोरगं रडकुंडीला आलंय तितं, पर कंपनी हलंल तर शपत!"

"दोन दिस बी न्हाय? दिवाळीला?" बबनरावांना ते पटेना. ते माझ्याकडं वळले. "मास्तर, खरंच असं लिवलंय का वो त्यात?"

तात्या माझ्याकडं बघत नव्हते. ते चहाच्या ग्लासात बघत होते.

"खरंय," मी म्हणालो. "मी स्वतः वाचलं." आणि त्या सभ्य बाईंची मनातल्या मनात माफी मागून, कंपनीला तात्यांपेक्षा दोन शिव्या जास्तच घातल्या.