गाढवमाघार वळणावरील मतभेद

सायकल चालवणं हे पायांचं काम आहे. ती कशी चालवायला हवी होती हे ठरवणं मात्र बुद्धीचं काम आहे, आणि बसलेल्या माणसाची बुद्धी धापा टाकणाऱ्या माणसाच्या बुद्धीपेक्षा स्थिर असते, हे कोणीही मान्य करील. आमच्या अरित्सुबी गावातलं भोजन मंडळ याच तत्त्वावर उभं आहे. मी या मंडळाचा चिटणीस.

स्पेनच्या उत्तरेकडच्या आमच्या बास्क मुलखात गावोगावी अशी मंडळं आहेत. दर गुरुवारी पुरुषांनी जमायचं, स्वतः रांधायचं, स्वतः जेवायचं आणि मग बोलायचं. (बायकांना आमच्या स्वयंपाकघरात प्रवेश नाही. याबद्दल त्यांनी अद्याप दुःख व्यक्त केलेलं नाही.) मंडळाच्या खुर्च्या वीस, सभासद एकोणीस, सभासदांचं सरासरी वजन शहाण्णव किलो आणि सर्वांत मिळून सायकल एक. ती अध्यक्षांच्या गॅलरीत टांगलेली असून तिच्यावर जिरेनियमच्या कुंड्या छान शोभतात. विसावी खुर्ची आगुस्तिनची. त्याने तीन वर्षांपूर्वी कोणालाही न विचारता सायकल विकत घेतली आणि एका रविवारी तो ती घेऊन ओत्सामेंडीच्या डोंगरावर गेला. परत आल्यापासून सायकलिंगच्या कोणत्याही प्रश्नावर तो "काय सांगावं बुवा" एवढंच म्हणू लागला. असा सभासद मंडळाला परवडत नाही. त्याने राजीनामा दिला व तो आम्ही सहानुभूतीपूर्वक स्वीकारला.

तर गेल्या हिवाळ्यात बातमी आली की वसंतातल्या शर्यतीचा शेवटचा टप्पा आमच्या ओत्सामेंडीच्या माथ्यावर संपणार. या रस्त्यावर एक वळण आहे, त्याचं नाव गाढवमाघार. पूर्वी माल घेऊन चढणारी गाढवं तिथवर यायची, वर बघायची आणि आपणहून मागे फिरायची. (माणसं मागे फिरल्याची नोंद नाही.) तिथे शंभर मीटर पुढे जाताना चोवीस मीटर वर चढावं लागतं. आम्ही मोटारीने गेलो तरी अध्यक्ष तिथे डोळे मिटून घेतात.

आणि त्या शर्यतीत आमचा शुबान होता. शुबान म्हणजे डोंगरावरच्या बिशेंताचा मुलगा. ती मेंढ्या पाळते आणि चीज विकते. पोरगा एका गादी कंपनीच्या संघात मदतनीस म्हणून सायकल चालवायचा. मदतनीसाने कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, कप्तानाचं पाणी वाहायचं आणि बक्षिसाच्या वेळी बसमध्ये जाऊन बसायचं. त्याचा करार त्या वर्षी संपत होता. व्यवस्थापकाने त्याला साफ सांगितलं होतं की या शर्यतीत कप्तानाच्या अंगावर आघाडीची जर्सी राहिली तर आणखी दोन वर्षं पक्की, नाहीतर घरच्या मेंढ्यांना माझा नमस्कार सांग. (सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत जो पहिला, त्याच्या अंगावर ही जर्सी.) बिशेंताने हे चीज तोलता तोलता एका गिऱ्हाइकाला सांगितलं, त्यामुळे दुपारपर्यंत ते सगळ्या गावाला ठाऊक झालं.

आता प्रश्न असा उपस्थित झाला की चढावर कप्तान दमला आणि शुबान दमला नाही, तर शुबानने थांबावं की जावं? (असं घडेलच असं कोणी म्हटलं नव्हतं. पण घडेपर्यंत वाट पाहणं हे बेजबाबदारपणाचं लक्षण आहे.)

थांबवादी गटाचे नेते एरामुन, निवृत्त खाटीक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अरे, कप्तान तो कप्तान. पोराने थांबायचं, त्याला ओढत वर न्यायचं. जर्सी वाचली की पोराची भाकरी वाचली. यात बोलण्यासारखं काय आहे?" असं म्हणून ते तासभर बोलत.

जावादी गटाचे नेते प्रुदेन्सिओ, दाताचे डॉक्टर. "कप्तान हॉलंडचा आहे, एरामुन. त्यांच्याकडे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. तो इथे गळणारच. त्याच्यासाठी थांबून पोरगा काय त्याचे पाय चेपणार आहे? जाऊ दे त्याला. एकदा जिंकला की दहा संघ दारात उभे राहतील."

"दहा? तुझ्या दवाखान्याच्या दारात तरी कधी दहा माणसं उभी राहिली का?"

"तुझ्या दुकानाच्या दारात राहायची. मांस परत करायला."

अशी उच्च पातळीवरील चर्चा हिवाळाभर चालली. शास्त्रशुद्धता राहावी म्हणून आम्ही पावाची टोपली पालथी घालून तिचा डोंगर केला. मीठदाणी म्हणजे कप्तान, दातकोरणी म्हणजे शुबान आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या म्हणजे विरोधी संघ. मीठदाणी टोपलीच्या अर्ध्यावर डगमगली की एरामुन दातकोरणी मागे घ्यायचे आणि प्रुदेन्सिओ पुढे ढकलायचे. चार दातकोरण्या मोडल्या. एका गुरुवारी तर चर्चेच्या भरात कोणीतरी विरोधी संघ खाऊन टाकला आणि बैठक तहकूब करावी लागली.

नाताळात शुबान घरी आला तेव्हा आम्ही त्याला मानाने जेवायला बोलावलं. काळे घेवडे, डुकराचे सॉसेज, खारवलेल्या माशाचा रस्सा, असा बेत होता. तो लेकाचा पानात चार दाणे घेऊन बसला. वजन वाढेल म्हणे. टोपली, मीठदाणी आणि दातकोरणी यांच्याकडे तो बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "खरं म्हणजे त्या वळणावर माझं असं आहे की…"

"तू जेव, पोरा," एरामुन त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "त्या वळणाची काळजी आम्ही करतोय."

वसंत आला तरी मंडळाचं एकमत होईना. अखेर अध्यक्षांनी तोडगा काढला, आणि तो लोकशाहीच्या इतिहासात शोभून दिसेल असा आहे. शर्यतीच्या दिवशी थांबवाद्यांनी गाढवमाघार वळणाच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, जावाद्यांनी उजव्या. स्वार समोर आला की प्रत्येक गटाने आपलं मत मर्यादित आवाजात मांडायचं. स्वाराला हात लावायचा नाही. चढावर प्रेक्षकाने ढकललं तर दंड स्वाराला होतो, आणि आमचं मंडळ कायदा मानणारं आहे. सोबत मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, दोन कर्णे आणि एक पिंप आणायचं, पण तेही मर्यादित आवाजात.

त्या दिवशी आम्ही सकाळीच वर गेलो. (मोटारीने. अध्यक्षांनी डोळे मिटले.) दुपारी जेवण झालं. मग खालून पोलिसांच्या मोटारसायकली आल्या आणि त्यांच्यामागे, काय सांगू, सर्वांत पुढे आमचा शुबान. त्याच्या चाकाला चाक लावून कप्तान, मागे विरोधी संघाचे तिघं. सायकली इतक्या हळू चढत होत्या की प्रत्येकाचा चेहरा वाचता येत होता. कप्तानाचा चेहरा वाचवत नव्हता. आणि बरोबर वळणाच्या तोंडाशी कप्तान गळला. हिवाळाभर टोपलीवर जे घडत होतं ते डोळ्यांसमोर घडलं. प्रुदेन्सिओंच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुबानने मागे वळून पाहिलं आणि एक हात कानाला लावला.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे पेलोटाच्या, म्हणजे भिंतीवर चेंडू मारायच्या खेळाच्या, मैदानावर खेळाडू कानाला हात लावतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. तो विचारतो, "आवाज कुठे गेला, मंडळी?" आम्ही मर्यादा बाजूला ठेवली. डावीकडून "थांब, थांब" आणि उजवीकडून "जा, जा" सुरू झालं. शुबानने कान आणखी दाबला. पोराची भूक मोठी, असं म्हणून आम्ही घंटा, कर्णे व पिंप वापरात आणलं. तो मान हलवत काहीतरी ओरडला, ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण आवाज फार होता. त्याचे पाय मंदावले. मग तो थांबला आणि त्याने एक पाय रस्त्यावर टेकवला.

"पाहिलंत?" एरामुन गरजले. "थांबला. माझ्यासाठी थांबला."

एवढ्यात कप्तान डुलत डुलत शेजारून वर गेला. त्याने शुबानकडे पाहून तोंडाशी अंगठा नेला, पण शुबान मान खाली घालून कान दाबण्यात गुंतला होता. आम्ही कप्तानासाठी टाळ्या वाजवल्या. तिघं विरोधक तोवर दिसेनासे झाले होते.

"थांबला हे खरं," प्रुदेन्सिओ म्हणाले, "पण ज्याच्यासाठी थांबला तो पुढे गेला. याला काय थांबणं म्हणतात?"

"तांत्रिकदृष्ट्या थांबलाच."

"तांत्रिकदृष्ट्या तो उभा आहे."

तो उभा होता, कारण त्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू होत नाही. एक पाय पेडलवर ठेवावा तर चाक मागे येतं. त्याने तीनदा प्रयत्न केला. त्याला ढकलावं का, या मुद्द्यावर दोन्ही गटांचं प्रथमच एकमत झालं की ढकलू नये. पाठीमागे पंचांची मोटारसायकल होती.

तेव्हा गर्दीतून बिशेंता आली. हातात पावात चीज भरून आणलेलं पुडकं. तिने ते माझ्याकडे दिलं.

"माझ्या मेंढ्यांनासुद्धा एका वेळी एकच कुत्रा हाकतो रे," ती म्हणाली. "इथे एकोणीस आणि एक मेंढरू हलेना. व्हा बाजूला."

तिने दोन्ही हात पोराच्या पाठीला लावले आणि त्याला पार वळणाच्या वरपर्यंत ढकलत नेलं. पंचांनी ते पाहिलं आणि शुबानला दंड केला. वर कप्तानाची जर्सी अकरा सेकंदांनी गेली.

उन्हाळ्यानंतर शुबान घरी परतला, तो कायमचा. सकाळी मेंढ्यांचं दूध काढतो, दुपारी चीज लावतो. एका गुरुवारी आम्ही त्याला पुन्हा बोलावलं, कारण चर्चा अपुरी होती. थांबला हे बरोबर की चूक, यावर मंडळ आता नव्याने विभागलं होतं. या वेळी त्याने पोटभर खाल्लं. मग स्वतःहूनच म्हणाला, "कानात रेडिओ होता. व्यवस्थापक काहीतरी सांगत होता. तुमच्या आवाजात मला शब्द ऐकू येईना. म्हणून थांबलो."

"काय सांगत होता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नंतर कळलं. म्हणत होता, तुझी बाटली त्याला दे. त्याचं पाणी संपलं होतं, तेवढंच. घोटभर प्यायला असता तर चढला असता."

 एरामुननी पावाच्या टोपलीकडे पाहिलं, प्रुदेन्सिओंनी मीठदाणीकडे. बाटली ही गोष्ट आमच्या मांडणीत नव्हती. शिवाय मीठदाणी पाणी पीत नाही. शुबान थांबला तो "ऐकू आलं नाही" म्हणून, हा प्रस्ताव मी रीतसर मताला टाकला. तो एकमताने फेटाळला गेला. मीही हात वर केला. मला पोराचं वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण वाईट वाटणं हे काही मत नव्हे. शुबानला मतदानाचा अधिकार देता आला नाही, कारण या विषयात त्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे. तो ताटं उचलून आत गेला आणि आमची भांडी घासू लागला.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही मघापासून आम्हाला हसताहात, ते दिसतंय मला. पण आठवून पाहा. थांबावं की जावं, असं मी लिहिलं तेव्हाच तुम्ही मनात एक बाजू घेतली होती. गाढवमाघार तुम्ही पाहिलेलं नाही. आईने ढकललं तेव्हाही तुम्ही लगेच ठरवून टाकलंत की योग्य केलं की चूक. आणि नाताळात पोराचं वाक्य अर्धवट राहिलं, तेव्हा ते पूर्ण काय होतं, हे विचारायला आम्ही विसरलो. तुम्हीही पुढचं वाचत गेलात. पोरगा अजून आत आहे, नळ चालू आहे, हाक मारली तर येईल. पण ते असू द्या. आगुस्तिनची खुर्ची रिकामी आहे. गुरुवारी या, आणि येताना सायकल आणू नका.