एक गुडघा तुलनेसाठी

उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून आमच्याकडे लोक खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात. शेजारचे ढोमणे सर एक दिवस कांदा ठेवतात, एक दिवस बटाटा. बटाटा कशाला, असं विचारलं की म्हणतात, "तुलनेले काही नको का गा? नुसत्या कांद्यानं काय समजते?"

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि प्रयोगशाळा प्रताप नगरातल्या घरी घेऊन आले. कूलर गार हवा देईना, तेव्हा मी म्हटलं, पंप बदला आणि गवताच्या ताट्याही. सर ओरडले, "एका वेळी एकच! दोन्ही बदलले तं श्रेय कोनाले देशीन?" पंप बदलून आठवडाभर घाम पुसत बसले. मला हे पटतं. त्यांच्या बायकोला, काकूंना, नाही.

यंदा काकूंचे गुडघे धरले. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनला, तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नवी नात काकूंनी फक्त फोनवर पाहिलेली. कोणी तरी औषधी तेल सुचवलं. सरांनी दोन सारख्या बाटल्या आणल्या. एकीत ते तेल, दुसरीत स्वयंपाकाचं जवसाचं. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत कापूर. बाटल्यांवर 'डावा', 'उजवा' लिहून भरायचं मी, आणि कोणत्या गुडघ्याला कोणतं तेल, हे त्या दोघांनाही सांगायचं नाही.

"अवो, म्हणजे एक गुडघा तुमी बिनऔषधाचा ठेवून राहिले?" काकू म्हणाल्या. "त्यानं काय पाप केलं?"

"त्यालेच नियंत्रण म्हणतात."

"थे तुमच्यावर पाहिजे होतं!"

रोज संध्याकाळी सर पाटावर बसून, घड्याळ लावून दोन्ही गुडघे सारखेच चोळत. काकू माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा माया पायाशी बसले वं."

महिन्याभरानं काकू तिन्ही जिने चढल्या. नातीला मांडीवर खेळवून आल्या. मग संध्याकाळी सरांच्या व्हरांड्यात मी गुपित फोडलं. डाव्या गुडघ्याला जवसाचं तेल होतं. बरे मात्र दोन्ही सारखेच झाले होते.

सर विचारात पडले. "म्हणजे काम तेलानं नाही केलं. चोळण्यानं केलं."

"किंवा चोळणाऱ्यानं," मी म्हटलं. "ते वेगळं काढायचं तर आता एक गुडघा तुम्ही चोळा, दुसरा मालिशवाल्या बाईंना द्या."

योजनेत खोट नव्हती. एरवी सरांनी माझी पाठ थोपटली असती. त्यांनी आत पाहिलं. काकू खुर्चीत पाय सोडून वाट पाहत बसल्या होत्या.

"राहू दे गा," सर म्हणाले. "हा प्रयोग नाही करायचा."

आणि हाताला लागली ती बाटली घेऊन आत गेले.