साखरपुड्यातला रबरबँड

चंद्रप्रकाश पेडणेकरने मुलगी पाहिली, मुलीने होकार दिला, आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. मुलगी नापसंत होती असं अजिबात नाही. सुगंधा त्याला इतकी आवडली होती, की वडीलधाऱ्यांनी "बोला काय ते मोकळेपणाने" म्हणून दोघांना गॅलरीत पाठवलं तेव्हा त्याची दातखीळच बसली. बराच वेळ समोरच्या बिल्डिंगकडे बघत राहून त्याने अखेर विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

"पहाटे," सुगंधा म्हणाली.

"आमच्याकडे पण," तो म्हणाला, आणि संवाद संपला.

आता साखरपुडा तोंडावर आला होता आणि चंद्रप्रकाशची खात्री पटली होती, की ही मुलगी नकार कळवणार. जन्मभर पाण्याच्या वेळा ऐकायला कोण तयार होईल? मुलुंडमध्ये गेल्या काही वर्षांत मोडलेल्या साखरपुड्यांची त्याने आपणहून चौकशी केली, आणि ते ऐकून तो आणखी खचला.

"बोलायला जमत नाही ना, मग काहीतरी करून दाखव यार," शेजारचा शिवदास म्हणाला. "गाणं येतं?"

"नाही."

"नकला?"

"नाही."

"मग जादू शीक. गव्हाणपाड्यातल्या व्हिडिओ लायब्ररीत रबरबँडच्या जादूची कॅसेट आहे. इंग्लिश आहे, पण हात काय इंग्लिशमध्ये हलत नाहीत. झकास काम होईल."

शिवदासकडे मस्कतहून आलेला व्हीसीआर होता, म्हणून बिल्डिंगमध्ये त्याच्या सल्ल्याला वजन होतं. रविवारी सकाळी चंद्रप्रकाश त्याच्या टीव्हीसमोर मांडी घालून बसला. मागे शिवदासचं अख्खं घर चहा घेऊन बसलं. पडद्यावरच्या गोऱ्या माणसाने दोन बोटांत एक रबरबँड घातला, दुसऱ्या रबरबँडचे पीळ देत चारही बोटांच्या टोकांना कुंपण घातलं, मूठ मिटली आणि उघडली. पहिला रबरबँड टुणकन उडी मारून पलीकडच्या दोन बोटांत जाऊन बसला. शिवदासच्या म्हाताऱ्या आईने टीव्हीला हात जोडले.

चंद्रप्रकाशने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. पॉज केलं की चित्र थरथरायचं आणि नेमकी महत्त्वाची बोटं पट्ट्यांखाली जायची. पण तो चिकाटीचा माणूस. टीव्हीत ज्या बाजूच्या हातात रबर दिसत होता, त्याच बाजूच्या आपल्या हातात, म्हणजे उजव्या हातात, त्याने रबर चढवला आणि सरावाला लागला. ताणायचं काम डाव्या हाताकडे आलं. डाव्या हाताने आजवर बादली उचलण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं, त्यामुळे चार वेळा प्रयत्न केला की एकदा जमायचं. त्यात रबर त्याच्या कंपनीच्या डिस्पॅचमधले, नटबोल्टचे खोके बांधायचे, चांगले जाडजूड. साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्याची बोटं वांग्यासारखी दिसू लागली होती.

साखरपुडा सुगंधाच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होता. पाहुणे जमले, पाट मांडले गेले. एकदा शेवटचं करून बघावं म्हणून चंद्रप्रकाश हॉलच्या बाथरूममध्ये शिरला. पहिला रबर घातला. हात घामाने ओले होते. दुसऱ्याचे पीळ दिले, मूठ मिटली, उघडली. काही झालं नाही. घाईघाईने त्याने पुन्हा पीळ दिले, पहिल्या पिळांवरच दिले, आणि दोन्ही रबर एकमेकांत असे अडकले की बोटं एकमेकांपासून हलेनात. डाव्या हाताने तो जितकं सोडवायला जाई तितकं ते आवळत गेलं.

"काय रे, आत झोपलास की काय?" बाहेरून त्याच्या आईचा, रत्नप्रभाबाईंचा आवाज आला. "मुहूर्त टळतलो ना."

चंद्रप्रकाशने हातावर रुमाल टाकला आणि फाशीला निघाल्यासारखा बाहेर आला.

पाटावर बसल्यावर सुगंधाचे धोंडूमामा समोर आले. मुलीकडचे हे सगळ्यात वडील, आणि सगळ्यात कडक. त्यांनी मान म्हणून नारळ पुढे केला. चंद्रप्रकाशने डावा हात पुढे केला.

नारळ डाव्या हाताने घेणारा जावई धोंडूमामांनी आजवर पाहिला नव्हता.

"उजवो हात खंय हा?" मामांनी विचारलं.

"आहे ना," चंद्रप्रकाश म्हणाला. "जरा रुमालाखाली आहे."

"रुमाल काढ."

"नंतर काढतो."

मुलीकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मुलगी बघायच्या दिवशी पोराने पोहे कुठल्या हाताने खाल्ले, हे कुणालाच आठवेना. व्यंग असेल तर आधी सांगायला हवं होतं, असं कुणीतरी ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं.

रत्नप्रभाबाई ताडकन उठल्या. "माझ्या झिलाक पाच बोटां आसत. जल्मल्या जल्मल्या सुईणीन मोजून दाखवल्यान माका."

"मग तुमीच मोजा परत," मामा म्हणाले, आणि त्यांनी रुमाल ओढला.

चार निळसर बोटं रबराच्या जाळ्यात एकत्र जखडलेली होती. अंगठा तेवढा मोकळा होता आणि आता काय करायचं हे विचारल्यासारखा उभा होता. चंद्रप्रकाशला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण हॉलची फरशी नवीन होती.

"ह्या काय?"

"सराव करत होतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. कसला, हे सांगायचं धैर्य त्याला झालं नाही.

मामांनी रबर ओढून पाहिला. तो आणखी आवळला. शिवदास म्हणाला, "वाट लागली. कात्री आणा कुणीतरी."

"शुभकार्यात कात्री?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाहुण्यांच्या मागच्या रांगेत गेला. "जुळलेला तोडूक कात्री लागता. आज हयसर कात्री येवची नाय."

मग मामांनी तोच नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोराच्या हाताक जो काय अडथळो इलो आसात, तो दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉलने साथ दिली. सवयीने चंद्रप्रकाशनेही दिली. बोटं आता बधिर झाली होती. लग्न तर मोडलंच, निदान हात तरी राहू दे, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

तेवढ्यात सुगंधा आपल्या पाटावरून उठली. तिने समईजवळच्या तेलात बोट बुडवलं, त्याच्या हाताला चोळलं, वरचे पीळ एकेक करून उलटे फिरवले, त्याची बोटं आत वाकवून मूठ मिटवली आणि म्हणाली, "आता उघडा." त्याने उघडली. जाड रबर टुणकन उडून पलीकडच्या दोन बोटांत गेला. दुसऱ्या क्षणी दोन्ही रबर तिच्या तळहातावर होते.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. धोंडूमामांनी नारळ कपाळाला लावला. अंगठी सुजलेल्या बोटात जाईना, तेव्हा ती करंगळीत चढवली गेली, आणि साखरपुडा पार पडला.

फोटोसाठी दोघांना शेजारी बसवलं तेव्हा सुगंधा हळूच म्हणाली, "डाव्या हातात घालायचा असतो तो. टीव्हीतला माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो ना, म्हणून उलटं दिसतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"गव्हाणपाड्यातली ती कॅसेट तुमच्या आधी माझ्याकडेच होती. त्या दिवशी गॅलरीत मला काही बोलायलाच सुचलं नाही. म्हटलं, हे कंटाळले असतील. आज जेवणं झाली की तुम्हाला करून दाखवणार होते."

चंद्रप्रकाश सुन्न होऊन बसला. त्याला येणारी, किंवा जवळजवळ येणारी, जगातली एकच गोष्ट होती, आणि ती जिला दाखवायची तिला ती त्याच्यापेक्षा चांगली येत होती. आता उरलेल्या आयुष्यात तिच्यासमोर करायचं काय? फोटोग्राफर हसायला सांगत होता. चंद्रप्रकाशने खूप विचार केला आणि शेवटची आशा म्हणून विचारलं,

"त्याच कॅसेटमध्ये पुढे नाण्याची जादू आहे म्हणे?"

"ती पण येते," सुगंधा म्हणाली.